तळ्याने ऐकलेलं ‘येते’

कार्तिकातली संध्याकाळ. आधी केशरी, मग कुसुंबी, मग काळसर जांभळी. आकाशातून उतरलेला रंग तळ्यात उतरतो, आणि तळ्यात उतरलेला रंग पुन्हा वर येत नाही. शेवाळश्यामल ते जल. नीरव, निस्तरंग, निद्रिस्त. निद्रिस्त कसलं, अहो! डोळे मिटून कान टवकारून बसलेल्याला कुणी झोपलेला म्हणतं का? तळं ऐकत होतं.

मौनतळं त्याचं नाव. काठाला लव्हाळ्याचं रान, रानातून वर चढणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या माथ्यावर एकुलतं एक घर. बाकीचं गाव मागे, उंच टेकाडावर. त्या एकुलत्या घरात सगुणा राहायची आणि तिची लेक बकुळा. सगुणा लव्हाळ्याच्या चटया विणायची. बकुळा नऊ वर्षांची, नुसती प्रश्नांची पोतडी.

घरात तिसरं माणूसही होतं. नरहर, सगुणाचा नवरा, होडीवाला. एका धुकेधवल सकाळी होडीत पाय टाकता टाकता तो म्हणाला, “येतो गं.” दुपारी होडी आली. तो आला नाही.

‘गेला’ असं सगुणा कधी म्हणाली नाही. कशी म्हणेल? आपल्यात कुणी जातच नाही मुळी! निघणारा ‘येतो’ म्हणतो, निघणारी ‘येते’ म्हणते. आपल्या घरातलं कुंकू संपत नाही, वाढतं. दिवा विझत नाही, शांत होतो. बांगडी फुटत नाही, वाढते. अशुभाला अशी शुभाची झूल पांघरायची आणि निर्धास्त व्हायचं, ही आपली जुनी हुशारी. माणसांना ती कळते. पाण्याला कोण शिकवणार?

म्हणून त्या गावात एक रीत होती. घरातून निघताना पाण्याकडे पाठ करायची, चौकटीला हात लावायचा, आतल्या माणसाचं तोंड बघायचं, आणि मगच ‘येते’ म्हणायचं. लग्नाच्या गडबडीतली करवलीसुद्धा ही रीत चुकत नसे. नरहर चुकला. त्या सकाळी त्याचं तोंड तळ्याकडे होतं.

रीतीमागे एक गोष्ट होती. टेकाडापलीकडच्या गावांना ती ठाऊकही नव्हती, इतकी लहान गोष्ट. सोनवेणी नावाची मुलगी होती. सुवर्णकेशी, सुहासिनी, सदा घाईत. एका सकाळी घागर कमरेवर घेऊन ती निघाली, आणि डोळे पाण्याकडे ठेवून घरातल्या आईला म्हणाली, “येते गं!” तळ्याशी आजवर कुणी अक्षर बोललेलं नव्हतं. त्याला वाटलं, मलाच म्हणाली. ते वाट बघत राहिलं. आज येईल, उद्या येईल. मग एके दिवशी ते स्वतःच तिला न्यायला आलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं झालं. आईला बोललेला शब्द पाण्याला लागला.

एवढीच गोष्ट. पण बकुळाला ती रोज नवी हवी असायची.

“आई, आज सोनवेणीची हसायची गोष्ट कर!”

मग सगुणा विणता विणता हसायची गोष्ट करायची. त्यात तळं मुंडावळ्या बांधून लग्नाला यायचं. पाटावर बसायला गेलं की एका बाजूने सांडायचं, सावरायला गेलं की दुसऱ्या बाजूने. वरमाई त्याला तांब्याने भरून भरून परत पाटावर ओतायची आणि करवादायची, “मेल्या, लग्न लागेपर्यंत तरी एका जागी बस!” बकुळा हसून हसून चटईवर लोळायची.

“आज हेराची कर.”

मग लाल पागोट्याचा, बारीक डोळ्यांचा एक हेर यायचा. ओल्या पावलांचे ठसे मापायचा, कमळाच्या देठांची उलटतपासणी घ्यायचा, बेडकांचे जबाब घ्यायचा. शेवटी मिशी पिळून म्हणायचा, “गुन्हेगार तळं नाही. गुन्हेगार एक शब्द आहे.” कधी ती आकाशयानाची गोष्ट व्हायची, सोनवेणी काचेचं शिरस्त्राण घालून कुठल्याशा निळ्या ग्रहावर उतरायची, आणि तिथे सगळा ग्रहच एक तळं असायचा. कधी पोवाडा, कधी प्रेमकथा. सगुणाला काही म्हणजे काही वर्ज्य नव्हतं. फक्त भुताची गोष्ट ती करायची नाही.

आणि शेवट? शेवट सगळ्यांचा एकच. “आणि सोनवेणी परत आली.” हे म्हणताना सगुणाची नजर पायऱ्यांकडे जायची. बिचारी! गोष्ट सोनवेणीची सांगायची आणि वाट नरहरची बघायची.

त्या कार्तिकसंध्येला मात्र बकुळा म्हणाली, “आज मी करते गोष्ट.”

“कर की.”

“माझ्या गोष्टीत तळं वाईट नाहीये. त्याला आपली भाषा येत नाही, एवढंच. कुणी समजावूनच सांगितलं नाही त्याला. बाबांनाही त्याने चुकून नेलं असेल. माझ्या गोष्टीत एक मुलगी जाते, त्याला नीट समजावते, आणि मग ते सगळ्यांना परत देतं.”

सगुणाचे हात थबकले. लव्हाळ्याचं पातं बोटात रुतलं, रक्ताचा थेंब चटईवर पडला, तिला कळलंही नाही. ती घाबरली.

“शुभ बोल गं! पुन्हा ही गोष्ट तोंडातून काढलीस तर बघ!”

“पण आई, चांगली आहे ना गोष्ट?”

चांगली होती. तोच तर घात होता.

दुसरा दिवस उतरणीला लागला. लव्हाळ्यावर धुकं उतरलं; धूसर, धवल, दबकं. टेकाडावरच्या ठकूकाकीला चटई द्यायची होती. सगुणाने पाण्याकडे पाठ केली, चौकटीला हात लावला, लेकीचा चेहरा पाहिला, “येते,” म्हणाली, आणि घराला वळसा घालून टेकाड चढू लागली. ठकूकाकीने बस म्हटलं तरी ती बसली नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. ती धावतच परत आली.

देवापुढे दिवा होता. घरात बकुळा नव्हती.

पायऱ्यांच्या तळाशी, छातीइतक्या पाण्यात, बकुळा उभी होती. भोवती पाणी थांबलेलं, ऐकण्यासाठी जवळ सरकलेलं. आणि पोर बोलत होती, अगदी शहाण्यासारखी, हात हलवून हलवून.

“हे बघ. आमच्यात ‘येते’ म्हणजे ‘जाते’. कळलं? सोनवेणी तुला म्हणालीच नव्हती. आणि माझे बाबासुद्धा नाही. ते आईला म्हणाले होते.”

पाणी खांद्याला आलं. वारा नव्हता, लाट नव्हती, तरी आलं.

“बकू! वर ये!”

“थांब ना आई. त्याला समजतंय. पण आता निघताना काय म्हणू? ‘येते’ म्हटलं तर पुन्हा घोटाळा होईल.”

पाणी हनुवटीला टेकलं. आणि सगुणाच्या ओठांवर तो शब्द आला, जो निघणाऱ्याच्या तोंडून त्या घराने कधी ऐकला नव्हता. नवरा नाहीसा झाला तेव्हासुद्धा नाही. प्रेत उठतानासुद्धा गाव जो शब्द गिळतं, तो. आईने तो पोटच्या लेकीसाठी मोठ्याने उच्चारला.

“जाते म्हण! बकू, जाते म्हण गं!”

बकुळाने मान वळवली. आई चुकली की काय, असं तिला वाटलं. पण आईचा चेहरा पाहिला आणि ती तळ्याला म्हणाली, “जाते हं.”

पाणी थबकलं. मग हनुवटीवरून खांद्याला, खांद्यावरून छातीला, छातीवरून गुडघ्याला आलं. एखाद्याने धरलेला हात अवघडून सोडावा, तसं त्याने तिला सोडलं. सगुणाने उडी घेऊन लेकीला ओढलं, उचललं, छातीशी धरलं. एक धपाटा घातला, लगेच कुरवाळलं, पुन्हा धपाटा घातला. “कार्टे! माझा जीव घ्यायला निघाली होतीस!” ती रडत होती, हसत होती. लेक वाचली होती. त्या क्षणी तिला जगाकडून आणखी काहीही नको होतं.

दोघी पायऱ्या चढल्या. वरच्या पायरीवर बकुळा थांबली.

पोर गुणाची होती हो! सगुणानेच तर वळण लावलं होतं. कुणाकडून निघालं की असं तोंड फिरवून चालू लागू नये. चार शब्द गोड बोलावेत, त्यांनाही आपल्याकडे बोलवावं. आईचा हात सुटायच्या आत बकुळा मागे वळली आणि काळ्याभोर पाण्याला लडिवाळपणे म्हणाली, “तू पण ये हं आमच्याकडे!”

सगुणाचा हात तिच्या तोंडावर पोहोचला. शब्दानंतर पोहोचला.

पाऊस नव्हता. आभाळ निरभ्र होतं, नुकत्या उगवलेल्या चांदण्या स्वच्छ, थंड, बिनबोलत्या होत्या. आणि तळं पायऱ्या चढू लागलं. घाईने नाही. चांगले कपडे करून निघालेला पाहुणा जसा रमत येतो, तसं. एक पायरी बुडाली. मग वरची. मग तिच्या वरची. लव्हाळ्याचे शेंडे पाण्याखाली गेले, तुळशीपुढची रांगोळी विरघळली, अंगणात पाण्याचा आरसा पसरला. सगुणा लेकीला घेऊन घरात शिरली, आणि पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं. बोलावल्याशिवाय आत येणारं नव्हतं ते, आणि बोलावल्याशिवाय आलेलंही नव्हतं.

“आई, पाहुणा आला!” बकुळा आनंदून कुजबुजली. “पाय धुवायला पाणी देऊ त्याला?”

सगुणाला हसू फुटलं नाही. पळून कुठे जाणार? बोलावलेला पाहुणा बोलावणाऱ्याच्या मागोमाग येतो; टेकाडावर गेली तर टेकाडावर, गावात गेली तर गावात. ‘येते’ या शब्दाचे दोन अर्थ होते, त्यातून पोर निसटली. ‘ये’ या शब्दाला एकच अर्थ होता. आणि आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायची तरी आपल्यात रीत कुठे आहे! कुणीतरी त्याच्या सोबत जायला हवं होतं. कोण, एवढंच ठरायचं होतं. ते ठरवायला सगुणाला क्षणही लागला नाही.

तिने लेकीचे केस पदराने कोरडे केले. खुंटीवरची सुकी शाल तिला गुंडाळली. कपाळाला कपाळ लावलं.

“मागच्या दाराने ठकूकाकीकडे जा. मागे वळून बघायचं नाही.”

“आणि तू?”

सगुणा पुढच्या दारात जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने पाण्याकडे पाठ केली नाही. चौकटीला हात लावला नाही. आतल्या माणसाचं तोंड पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शब्द निघाला नसता. त्या तमालनील, त्या अतलनील, त्या नरहरला पोटात घेऊन गप्प बसलेल्या पाण्याकडे बघत ती म्हणाली, “येते.”

लेकीने ऐकलं: परत येते. तळ्याने ऐकलं: येते. एकाच शब्दाने तिने दोघांचंही समाधान केलं, आणि दोघांशीही ती खोटं बोलली नाही.

पहाटे गाव खाली आलं तेव्हा पाणी जिथल्या तिथे होतं. लव्हाळं सरळ उभं होतं. घरात चटई अर्धी विणलेली, दिवा शांत झालेला. उंबऱ्यापासून ओल्या पावलांची रांग निघाली होती. पायऱ्या उतरणारी. चढणारं पाऊल एकही नव्हतं.

कार्तिक येतात, कार्तिक सरतात. बकुळा आता त्या घरात चटया विणते आणि संध्याकाळी टेकाडावरची पोरं तिच्याभोवती गोळा होतात. कुणाला हसायची गोष्ट हवी असते, कुणाला हेराची, कुणाला आकाशयानाची. बकुळा सगळ्या करते. मुंडावळ्या बांधते, पागोटी चढवते, बेडकांचे जबाब घेते. सोनवेणीचं नाव मात्र तिने बदललंय. तिच्या गोष्टीतली ती सदा घाईतली मुलगी आता मुलगी नसते, आई असते. आणि गोष्टीच्या शेवटी ती ‘सुफळ’ म्हणत नाही, ‘संपूर्ण’ म्हणत नाही. नुसती थांबते.

“मग?” पोरं विचारतात. “मग आई परत आली का?”

आधी केशरी, मग कुसुंबी, मग काळसर जांभळी. बाहेर संध्याकाळ पायऱ्या उतरत असते, उतरून पाण्यात शिरत असते. तळं कान टवकारून असतं. बकुळा उंबऱ्यात दिवा ठेवते, पाण्याकडे पाठ करते, चौकटीला हात लावते.

“म्हणालीये ना,” ती सांगते, “येते.”