रांझीहून आलेली बस

बारा वर्षांची होईपर्यंत नर्मदा भोयर फुटबॉलमध्ये गोल मारायची. जबलपूरच्या रांझी भागातल्या मैदानावर ती पोरांमध्ये खेळायची आणि कारखान्यातून सुटलेले तिचे बाबा, शालिग्राम, सायकलीवरून एक पाय जमिनीला टेकवून कडेला उभे राहायचे. पोरीचा गोल झाला की आजूबाजूला बघायचे, कुणी पाहिला की नाही म्हणून. मग एक दिवस भय्यासाहेबांनी तिला मागे, बचावफळीत, उभं केलं.

भय्यासाहेब जुन्या शहरातल्या दीक्षितपुऱ्यातले. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेलं. त्यांची मराठी अजूनही इस्त्री केल्यासारखी होती. दीक्षितपुऱ्यात मैदान नाही आणि रांझीत मास्तर नाही, एवढ्याच कारणासाठी ते रोज स्कूटरवरून रांझीला यायचे.

शालिग्रामना हा बदल मुळीच रुचला नाही. "मास्तर, पोरगी चांगली गोल मारून राहिली होती. तिले मागं काहून टाकलं?"

"शालिग्रामजी, बॉल कुठं जाणार हे या मुलीला बॉलच्या आधी कळतं. गोल मारायला मला आणखी चार जणी मिळतील. असं कळणारी मिळणार नाही."

शालिग्राम कारखान्यात फिटर. कुठला भाग कुठं बसतो हे ज्याला कळतं त्याचा शब्द मानायचा, अशी त्यांची रीत. त्यांनी मान डोलावली, पण घरी येऊन बायकोला, सत्यवतीला, म्हणाले, "आता पेपरात नाव कशाचं छापून येणार? गोल वाचवला म्हणून कोणी नाव छापतं का?"

सात वर्षांनी नाव छापून आलं. कोझिकोडच्या एका क्लबनं नर्मदाला दोन वर्षांसाठी करारावर घेतलं, आणि स्थानिक पेपरात चार ओळी आल्या. शालिग्रामनी त्या कात्रणाच्या वीस झेरॉक्स काढून कॉलनीत वाटल्या.

क्लबच्या कोच अवंतिका मॅडम कोल्हापूरच्या. मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून नर्मदाला पहिल्याच दिवशी हायसं वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

"काय करतीस गं तिकडं?" मॅडमनी विचारलं.

"बूट घालून राहिली मॅडम."

"घालून राहिलीस म्हणजे घातलेस का अजून घालतीस? घाल लवकर आणि पळ."

नर्मदा पळाली. पुढचे तीन महिने ती फक्त सरावातच पळाली. सामन्याच्या दिवशी चौदा नंबरचा शर्ट घालून ती कडेच्या बाकावर बसायची. एकदा, संघ चार गोलांनी पुढे असताना, तिला अकरा मिनिटं मिळाली. त्यात बॉल तिच्यापाशी दोनदा आला आणि दोन्ही वेळा तिनं तो सरळ प्रेक्षकांत मारला.

त्या दिवशी तिनं घरी फोन केला. "बाबा, मी आज खेळली."

"शाबास!" शालिग्राम एवढ्या जोरात ओरडले की तिनं फोन कानापासून लांब धरला. "म्हणजे आता बसली टीममध्ये. आता दर मॅच खेळशील ना?"

तिकडे सत्यवतीलाही बोलावणं चाललं होतं, शेजारच्या हर्षाकाकूंचा आवाज येत होता. नर्मदाच्या तोंडून 'हो' निघून गेलं. पुढच्या आठवड्यात बाबांनी विचारलं, "कशी झाली मॅच?" ती म्हणाली, "चांगली." त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. मोबाइलवर सामना शोधायची शालिग्रामना सवय नव्हती, आणि पोरीच्या शब्दावर शंका घ्यायचीही नव्हती.

मग लीगचं नवं वेळापत्रक आलं. फेब्रुवारीतला एक सामना जबलपूरला होता.

आदल्या दिवशी सकाळी संघ जबलपूरला उतरला. हॉटेलात नाश्त्याच्या वेळी नर्मदा मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, उद्या माझ्या गावचे लोक येऊन राहिले आहेत."

अवंतिका मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "बस. खरं सांगू? समोरच्या संघातली नऊ नंबरची पोरगी वाऱ्यासारखी पळतीय. ती अंगावर आली की तू गडबडतीस. तुला उद्या उतरवलं तर तुझ्याच गावासमोर तुझी शोभा होईल, आणि ते मला बघवणार नाही. कळलं?"

"कळलं."

"आईकडं जेवायला जाऊन ये. चारच्या आत परत."

रांझीला जाणाऱ्या बसमध्ये नर्मदानं खरं सांगायची वाक्यं जुळवून ठेवली होती. घराच्या दारात मात्र बाबाच तिला हात धरून कोपऱ्यावर घेऊन गेले. तिथं एक बस उभी होती आणि दोन माणसं तिच्यावर कापडी फलक बांधत होती. फलकावर नर्मदाचा फोटो होता. शाळेतला, दोन वेण्यांचा.

"बेचाळीस लोक," शालिग्राम म्हणाले. "कारखान्यातल्या माझ्या शॉपचे, कॉलनीचे. भय्यासाहेब पण येऊन राहिले. त्यांच्यासाठी पुढची सीट ठेवली."

घरात सत्यवतीनं पाटवड्यांचा रस्सा केला होता, आणि बाबांनी सकाळीच जाऊन खव्याची जलेबी आणून ठेवली होती. नर्मदा ताटातली पाटवडी नुसती इकडून तिकडे सरकवत राहिली. सत्यवतीनं एकदा ताटाकडे, एकदा लेकीकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं? बोल."

"मी उद्या खेळणार नाही आई." मग बाबांकडे न बघता ती म्हणाली, "मी खेळतच नाही. एकदाच खेळली, अकरा मिनिटं. बाकी सगळं खोटं सांगितलं तुम्हाला."

शालिग्रामनी हातातला घास ताटात ठेवला. उठले, हात धुतले आणि मागच्या अंगणात निघून गेले. सायकल उलटी करून तिची चेन साफ करत बसल्याचा आवाज घरात येत राहिला. नर्मदा ताटावर रडली. सत्यवतीनं तिला थोपवलं नाही, फक्त पाण्याचा गडवा जवळ सरकवला.

अर्ध्या तासानं बाबा आत आले. हात ग्रीसनं काळे झालेले.

"खेळत नाही त्याचं मले काही नाही," ते म्हणाले. "कारखान्यात मी दीड वर्ष फक्त दुसऱ्याचे पाने-हातोडे उचलून दिले. पण तीन महिने तू तिकडे एकटी रडत असशील, अन् मी इकडे जलेबी वाटून राहिलो होतो. मले काहून नाही सांगितलं? मी काय अकरा जणींचा बाप आहे? एकीचाच तर आहे."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. वाटून घेतलं असतं." ते हात धुवायला वळले. "चलो, आता जेव. चारच्या आत पोचायचं आहे ना?"

"आणि बस?"

"बसचं मी पाहतो."

बसचं त्यांनी काय पाहिलं ते नर्मदाला नंतर हर्षाकाकूंकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सगळे बसल्यावर शालिग्राम ड्रायव्हरजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "देखो भाई, आमची नर्मदा आज खेळणार नाही, बाहेर बसणार आहे. मी तुम्हाला सांगत आलो ते चूक होतं. ज्याला उतरायचं त्यानं उतरा, राग नाही." त्यावर पाच जण खरंच उतरले. बाकीचे म्हणाले, निघालोच आहोत तर बघून येऊ.

स्टेडियमवर ते बाकाच्या बरोबर मागे येऊन बसले. त्यांच्या ओरडण्यावरून कोण खेळतंय आणि कोण नाही हे ओळखता आलं नसतं. सामन्याआधी नर्मदा राखीव मुलींबरोबर पाय मोकळे करायला मैदानात उतरली तेव्हा सदतीस लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॉल आणायला वाकली तेव्हाही वाजवल्या. शेजारी बसलेल्या मल्याळी गोलकीपरनं तिला हिंदीत विचारलं, "तुम यहाँ की मिनिस्टर हो क्या?"

नर्मदा नव्वद मिनिटं बाकावरच होती. त्या नऊ नंबरनं दोन गोल मारले आणि सामना दोन-एकनं हातचा गेला. दुसरा गोल होताना त्या मुलीनं मॅडमच्या सगळ्यात अनुभवी खेळाडूला ज्या वेगानं मागे टाकलं, ते नर्मदानं बाकावरून नीट पाहिलं. काल मॅडमनी आपल्याला कशापासून वाचवलं ते तिला तेव्हा समजलं.

सामना संपल्यावर कठड्याशी भय्यासाहेब उभे होते. शहात्तर वर्षांचे, डोक्यावर कानटोपी. ते सामन्याविषयी बोललेच नाहीत.

"तुझा सराव पाहिला मी, सुरुवातीचा. कुणी अंगावर आलं की तू छाती समोर करून, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभी राहतेस. पाहुण्यांचं स्वागत करायला दारात उभी राहिल्यासारखी. मग वळणार कशी? तोवर पाहुणा घरात. तुमची गाडी किती वाजता?"

"उद्या दुपारी."

"मग सकाळी साडेसहाला रांझीच्या मैदानावर ये. ही चूक माझी आहे. रांझीत तुझ्यापेक्षा जोरात पळणारं कुणी नव्हतं, म्हणून माझ्या ध्यानातच आली नाही."

मॅडमची परवानगी काढून नर्मदा सकाळी मैदानावर पोचली. धुकं होतं. भय्यासाहेब घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर बसले होते, आणि त्यांच्यापुढे पँट मोज्यात खोचून, कारखान्याचे काळे बूट घालून शालिग्राम उभे होते.

"नऊ नंबर मी आहे," ते म्हणाले.

"बाबा, तुमचे गुडघे!"

"गुडघ्याचं मी पाहतो. तू बॉलचं पाहा."

शालिग्राम धावत आले. बावन्न वर्षांचा माणूस, बॉल एकीकडे आणि पाय दुसरीकडे. भय्यासाहेब खुर्चीवरून ओरडत होते, "आडवी राहा! एक पाय मागे! झडप घालू नकोस, त्यांना कडेला ढकलत ने!" पहिल्या दहा वेळा नर्मदाला हसूच आवरेना. मग हळूहळू हसू थांबलं. ती खांदा वळवून, एक पाय मागे ठेवून उभी राहू लागली. बाबा डावीकडे गेले की ती वळलेलीच असायची, उजवीकडे गेले तरी दोन पावलांत गाठायची. तासाभरानं शालिग्राम धापा टाकत गवतावर बसले.

"आता?" त्यांनी भय्यासाहेबांना विचारलं.

"आता ती तुम्हाला थांबवू शकते," भय्यासाहेब म्हणाले. "खऱ्या नऊ नंबरला थांबवायला आणखी महिना लागेल."

महिना नाही, सहा आठवडे लागले. रोज सराव संपला की नर्मदा संघातल्या सगळ्यात वेगवान मुलीला थांबवून घ्यायची आणि म्हणायची, "वीस बार मेरे ऊपर आओ." मॅडम लांबून बघायच्या. मार्चअखेरीस एका सामन्याच्या सकाळी त्यांनी यादी लावली, आणि पहिल्या अकरांत चौदा नंबर होता.

त्या सामन्यात तिनं घाईनं पाय टाकला आणि समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. पण पडून उठल्यावर ती उरलेली साठ मिनिटं नीट खेळली, आणि मोसमाचे शेवटचे चारही सामने मॅडमनी तिला पूर्ण खेळवलं. हंगाम संपताना त्या म्हणाल्या, "आता बरी खेळून राहिलीस," आणि आपल्याच तोंडून ते निघालेलं ऐकून हसल्या.

ती पेनल्टी शालिग्रामनी पाहिली होती. सामना मोबाइलवर कसा लावायचा ते त्यांनी एव्हाना हर्षाकाकूंच्या सुनेकडून शिकून घेतलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनीच फोन केला.

"पाय टाकायची घाई केली तू," ते म्हणाले. "कडेला न्यायचं होतं तिले."

"हो बाबा. चुकली मी."

"मग रडली का?"

"थोडीशी. बाथरूममध्ये."

"बरं केलं सांगितलं," शालिग्राम म्हणाले, आणि आईला फोन द्यायच्या आधी तिला पुन्हा सुरुवातीपासून, मिनिटामिनिटानं सगळं सांगायला लावलं.