काकूंच्या खोलीतला एसी

गारेगार काका हे नाव त्यांना गल्लीनं ठेवलं होतं आणि त्यांनी ते आनंदानं मिरवलं. सगळी उमेद एसी विकण्यात गेली. दुकान लहान, पण आवाज दणदणीत. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं की त्यांना जेवण गोड लागत नसे. अर्थात एसी काही कुणी हातात घेऊन जात नाही, पण काकांना हे कोण सांगणार?

त्यांची एकुलती एक मुलगी, घरची चिमी, शिकून परगावी सरकारी प्रयोगशाळेत एसी तपासायला लागली. बाप विकतो आणि लेक नापास करते, म्हणून काकू पोट धरधरून हसायच्या. मग चिमीच्या खात्यानं ठरवलं, की घरगुती एसीनं कमी विजेत जास्त गारवा द्यायलाच हवा. त्यासाठीची किमान पातळी वाढवायची आणि ठरल्या तारखेनंतर त्याखालचं मशीन विकायला बंदी. काकांच्या दुकानातला बहुतेक माल त्या पातळीच्या खालचा होता.

"पोरीनं बापाच्याच पोटावर पाय दिला की गं," काका म्हणाले.

"एवढं मोठं पोट, एका पायानं काय होतंय त्याला?" काकू म्हणाल्या.

कुरकुर वरवरची होती, आतून अभिमान. जुना माल विकताना काका गिऱ्हाइकाला सांगायचे, "स्वस्त आहे, पण वीज फार खातं. दम धरवत असेल तर थांबा, माझ्या मुलीची मशीनं येताहेत." आता कुठल्या शहाण्या दुकानदारानं असं सांगावं!

पण ती मशीनं काही येईनात. कंपन्यांनी मुदत वाढवून मागितली. बैठकांवर बैठका झाल्या, वाद झाले. एका बैठकीत कंपनीचा एक माणूस चिमीला सगळ्यांदेखत म्हणाला, "मॅडम, आधी तुमच्या वडिलांच्या दुकानात काय विकतात ते बघा." लोक हसले. हे तिनं फोनवर आईला सांगितलं आणि सांगता सांगता रडली. काकूंच्या ते जिव्हारी लागलं.

नेमका त्याच सुमाराला, उन्हाळ्याच्या तोंडावर, घरातला जुना एसी बंद पडला. कॉम्प्रेसर जळालाय, यात आता काही राम नाही, असं मेकॅनिकनं सांगितलं. काकूंचं हृदय आधीच नाजूक, गारव्यात राहा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. घर शेवटच्या मजल्यावर आणि वर तापलेली गच्ची. काका त्याच दुपारी दुकानातलं एक मशीन हमालाच्या डोक्यावर देऊन, मेकॅनिकला घेऊन घरी आले. काकूंनी दार अडवलं.

"परत न्या."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"दुकानात काय विकायचं ते तुमचं तुम्ही बघा. घरात हे नको. उद्या तोच मेला विचारेल, तुमच्या आईच्या खोलीत कोणतं मशीन आहे? मग पोरीनं मान खाली घालायची?"

"इथे कोण येतंय बघायला?"

"मला दिसेल ना."

काकांनी समजावलं, आदळआपट केली, अबोलाही धरून पाहिला. काकू बधल्या नाहीत. वर शपथ घातली, की एसी बंद असल्याचं चिमीला कळता कामा नये. कळलं तर ती सगळं टाकून धावत येईल आणि त्या लोकांचं फावेल. "नवं मशीन आलं की पहिलं आपल्याकडे लावू. तोवर पंखा आहे, ओला टॉवेल आहे." बायकोपुढे काका नेहमीच हरत आले होते. नेमकं या वेळी हरायला नको होतं.

ऊन वाढत गेलं. दुकानात झुंबड उडाली. दिवसभर लोकांच्या खोल्या गार करायच्या आणि घरी येऊन बायकोच्या कपाळावर ओली घडी ठेवायची, असं चाललं होतं. एका दुपारी ते जेवायला आले तर काकू स्वयंपाकघरात फरशीवर आडव्या झालेल्या. काकांना वाटलं, बरं केलं, फरशी जरा गार लागते. मग त्यांनी हाक मारली.

सगळं उरकलं, नातेवाईक पांगले, तेव्हा चिमी आईच्या खोलीत गेली. तिनं रिमोट दाबून पाहिला. खुर्चीवर चढून एसीचं झाकण उघडलं. आत बोटभर धूळ होती.

"बाबा, हा कधीपासून बंद आहे?"

"उन्हाळा लागल्यापासून."

"आणि दुकानात मशीनं रांगेनं उभी होती."

"हो."

"मग?"

खरं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांना आपली लेक पुरती ठाऊक होती. कळलं असतं तर तिनं पुन्हा त्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं नसतं, आणि काकूंनी सोसलेलं सगळं मातीत गेलं असतं. शिवाय बापावर चिडून माणूस आयुष्य काढू शकतं. असला दोष उराशी घेऊन नाही काढू शकत.

"हंगाम होता," काका म्हणाले. "गिऱ्हाईक सोडवेना. आज लावू, उद्या लावू करत राहिलो."

चिमीचा चेहरा उतरला. "म्हणजे तारीख जवळ आली म्हणून? माल खपवायचा होता? आमच्यामुळे?"

काका घाईघाईनं म्हणाले, "छे छे! तारखेचा काय संबंध? मीच हावरट. एक नग घरात लावायचा तर जिवावर आलं माझ्या."

ती एसीचं झाकण बंद करून खुर्चीवरून उतरली. मग बॅग उचलून दाराशी गेली आणि तिथेच थबकली.

"आई काहीच बोलली नाही? एकदाही मागितलं नाही तिनं?"

दार अडवून मशीन परत धाडणारी ती बाई काकांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिच्या नावानं असं खोटं बोलायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा गमावणंच होतं. पण ती स्वतःहून नको म्हणाली असं कळलं असतं, तर चिमी का म्हणून विचारल्याशिवाय राहिली नसती.

"मागितलं," काका म्हणाले. "खूपदा मागितलं."

चिमी जिना उतरून गेली. तिनं वळून पाहिलं नाही, हे एक बरं झालं. पाहिलं असतं, तर काकांच्यानं राहवलं नसतं.