डाव्या पायाचा दिवा

“चाकं बाहेरच राहू देत, पोरी. जी आत जातच नाहीत, ती बाहेर यायला विसरत नाहीत,” असं क्वापिलकाका म्हणाले, तेव्हा आल्झ्बेता खळखळून हसली होती.

“काका, तुमचं विमान म्हणजे मोजे घातलेली कोंबडी!”

चाकं पोटात घेणारंच विमान बांधायचं, हा हट्ट तिचा. तिच्या नवऱ्याने, ओताकरने, त्यापायी सात वर्षं शेडमध्ये काढली.

आता तेच विमान गवताच्या धावपट्टीवरून, झाडाच्या उंचीने, तिसऱ्यांदा गेलं. तिने कडेवरच्या लेकीचं, रोझार्काचं, डोकं खांद्याशी दाबून धरलं.

“दिसलं का काही?” रेडिओतून नवऱ्याचा आवाज आला. “डाव्या पायाचा दिवा लागत नाहीये.”

“चाकांचे तिन्ही पाय खाली आहेत,” क्वापिलकाका म्हणाले. “पण दिवा नाही, म्हणजे डावा घट्ट अडकलाय की नुसता लोंबतोय, ते इथून देवालाही कळायचं नाही.”

“लोंबत असला तर?” तिने विचारलं.

“टेकला की दुमडेल. पंख जमिनीत घुसेल, विमान गरकन फिरेल.” काकांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. “नाहीतर सगळे पाय आत घेऊन पोटावर उतरायचं. माणूस वाचतो. विमानाचं सांगता येत नाही.”

रेडिओ खरखरला. “काका, मी चाकांवरच उतरतो. सात वर्षं घातलीत हो.”

तिने रेडिओ हिसकावून घेतला.

“ओता, आत घे पाय.”

“बेता, तुला यातलं—”

“काही कळत नाही, माहितीये. आत घे म्हणतेय ना!”

द्राक्षमळ्यांवरून विमान वळलं आणि मग एकेक करून तिन्ही पाय पोटात गेले.

ते गवतावर टेकलं तसा नाकावरचा लाकडी पंखा फुटून ढलप्या उडाल्या. जमीन खरवडत ते घसरत गेलं, कलंडलं, थांबलं. ओताकर स्वतःच बाहेर आला. धावत आलेल्या तिला म्हणाला, “तू होतीस म्हणून वाचलो गं.” मग लेकीला घेऊन तो कुंपणापाशी जाऊन बसला.

तासाभराने मदतीला आलेल्या माणसांनी विमान शेडमध्ये आणून लाकडी घोड्यांवर चढवलं आणि ती सगळी बिअर प्यायला गेली; आत काका आणि आल्झ्बेता दोघंच उरली. क्वापिलकाकांनी खटका दाबला. तिन्ही पाय खाली आले. ठक्, ठक्, ठक्. डावा पाय त्यांनी दोन्ही हातांनी गदागदा हलवला. जागचा हलेना. मग त्यांनी चालकापुढच्या पट्टीवरचा उजवीकडचा इवलासा बल्ब काढून डावीकडे बसवला.

हिरवा उजेड पडला.

“पाय पक्काच होता. बल्ब गेला होता नुसता,” काका पुटपुटले. फाटलेल्या पोटातून मातीचं एक ढेकूळ निसटून खाली पडलं. बाहेर रोझार्का कशाला तरी हसत होती, पण तिच्या बापाचा आवाज ऐकू येत नव्हता.

“काका,” ती हलकेच म्हणाली, “तुम्हीच जा ना बाहेर. बघा जरा, बरा आहे का तो. मी आत्ता गेले, तर माझं तोंडच सगळं सांगून टाकेल.”