धाकटीचा फॉर्म

सकाळपासून माझा पाय घरात ठरत नव्हता. दवाखान्यातून धाकट्या जावेच्या हिमोग्लोबिनचा आकडा आला होता. सात! डॉक्टरीणबाईंनी फोनवर मलाच झापलं. "गावभर काय खायचं ते शिकवता, आणि तुमच्याच घरात हे? सातवा महिना लागलाय तिला. बाळाचं वजन भरत नाहीये. दहा दिवसांत आकडा वाढला नाही तर रक्त चढवावं लागेल."

पोषणाच्या प्रकल्पात दोन वर्षं घरोघर फिरतेय. परसात भाज्या लावा, कोंबड्या पाळा, रोज निरनिराळं खा, असं ऐंशी घरांत घसा कोरडा करून सांगितलंय. आणि वस्तीतली सगळ्यात देखणी परसबाग आमची. पालक, भोपळा, शेंगा, पपई, चार कोंबड्या. कोणी पाहुणे आले की प्रकल्पाचे साहेब त्यांना आधी आमच्या मागच्या दारी आणतात. मग हिचं रक्त जातं कुठे?

रक्तवाढीच्या गोळ्या फेकून देत असणार, असं वाटलं. ती कपडे वाळत घालायला गेली तेव्हा चोरासारखी तिच्या खोलीत शिरून पाकिटं मोजली. बरोबर होती. मग वाटलं, जेवणावर चहा ढोसत असेल, त्याने लोह अंगी लागत नाही. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ती चहा पितच नाही. डोकं नुसतं भणभणायला लागलं. त्यात ऑफिसचा सर्व्हे आजच संपवायचा होता. चिठ्ठ्या टाकून काढलेल्या घरांत आमचंही निघालं होतं. नियमाने आमचा फॉर्म माझ्या कामातल्या जोडीदारणीने भरायचा, पण ती तापाने आडवी, म्हणून तोही माझ्याच गळ्यात.

चार घरं उरकून दुपारी स्वयंपाकघरात शिरले. बाकीच्यांची जेवणं झाली होती. धाकटी ओटा पुसत होती.

"ये, बस इथे. काल काय काय केलं होतंस, सांग पटापट."

फॉर्मवर खाण्याच्या प्रकारांचे दहा रकाने असतात. पाचांवर खूण पडली की बाई पास.

"भात, डाळ," ती बोटं मोजत म्हणाली. "पालक. भोपळा. शेंगा. अंडी, दूध... हां, आणि पपई कापली होती."

आठ खुणा! मी पेन आपटलं. "अगं, आठ प्रकार खातेस, मग मुरतं कुठे सगळं?"

ती हातातल्या फडक्याशी चाळा करत राहिली.

"अंडी किती होती?" मला दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं.

"दोन."

"कोणी खाल्ली?"

"एक मामंजींनी. त्यांचा खोकला जात नाहीये ना. आणि एक तुम्ही, ताई. उन्हातून आलात तेव्हा चेहरा किती उतरला होता तुमचा."

"आणि पपई?"

"ह्यांच्या आणि भाऊजींच्या डब्यात घातली."

"दूध?"

"सगळ्यांच्या चहाला लागलं."

"पालक? भोपळा? शेंगा? यातलं काहीतरी खाल्लं असशील की!"

"पालक होता थोडा, पण ह्यांनी परत मागितला. बाकीचं सासूबाईंनी आणि तुम्ही संपवलंत. चांगलं झालं होतं म्हणालात की."

"अगं बाई, मग तू काय खाल्लंस?"

"भात होता की. डाळ होती तळाला. पोट भरतं हो माझं, तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

मी रोज फॉर्म चाळत जेवते आणि उठते. माझ्यामागे ही काय वाढून घेते, ते एकदाही पाहिलं नव्हतं. आणि बाहेर तरी काय दिवे लावले? दोन वर्षं प्रत्येक दारात हेच विचारलं, काल काय केलं होतं? बायांनी पातेल्यांतलं सांगितलं आणि मी खुणा करत सुटले. स्वतःचीच इतकी चीड आली की थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सहा खुणा खोडल्या. दोन उरल्या. ताट घेतलं, तिला हाताला धरून बसवलं आणि आधी तिचं वाढलं. डाळ घट्ट, भाजी भरपूर. आज एकच उकडलेलं अंडं शिल्लक होतं, तेही तिलाच.

"एवढं? आणि तुम्हाला?"

"गिळ मुकाट्याने!" मी ओरडलेच. मग माझं ताट घेऊन तिच्याशेजारी बसले.

ती मान खाली घालून जेवायला लागली. अंडं फोडलं, त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा माझ्या ताटात सरकवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हाताची सवयच ती.

मला रडू फुटलं. तो तुकडा उचलून मी तिच्या तोंडाशी धरला. ती तोंड उघडेना.

"निम्मं तरी घ्या ना, ताई," ती कळवळून म्हणाली, "मला एकटीला नाही हो जात."