ती खरखर माझी नव्हती

मित्रांनो, मी एक जुना स्टिरिओ आहे. रेडिओ आणि दोन कॅसेटी वाजवणारा. शहागंजातल्या एका दुकानातून सूर्यभानने मला छातीशी धरून घरी आणले, तेव्हा माझे स्पीकर आरशासारखे चकाकत होते.

सूर्यभान देवगाव रंगारी या गावच्या मेंढपाळाचा मुलगा. वाळूजला नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात तो कामाला लागला होता. "ह्यो माझा दोस्त हाय," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे आणि स्वतःच्या रुमालाने माझी धूळ पुसे.

एकदा त्याची आई साळूबाई गावाकडून आली. त्याने कोरी कॅसेट घातली, माझे लाल बटण दाबले आणि म्हणाला, "आई, बोल कायतरी."

"ह्या खोक्यासंगं काय बोलू?" ती हसली. मग तिने मेंढ्यांची नावे घेतली, त्यांना बोलवायची लांब हाक दिली, आणि शेवटी म्हणाली, "वेळंवर जेवत जा रं, बाबा."

पुढच्याच वर्षी साळूबाई वारली. तिचा आवाज मात्र घरात राहिला. सुट्टीच्या दिवशी सूर्यभान तो ऐके. मला वाटे, जगात माझ्याइतके मोलाचे काम कुणालाच मिळाले नसेल.

मग सूर्यभानचा मेहुणा बद्रीनाथ राहायला आला. विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध टाइप करून द्यायला त्याने कॉम्प्युटर घेतला. जागा नव्हती, म्हणून तो मला अगदी खेटून ठेवला. त्याच्या आणि माझ्या वायरी एकाच बोर्डात, एकमेकींत गुंतलेल्या. तो सुरू झाला की माझ्या स्पीकरमधून भुणभुण आणि खरखर येऊ लागे. ती माझी नव्हती, मित्रांनो! शेजाऱ्याची होती. पण मी कुणाला कसे सांगणार?

सूर्यभानने माझ्या डोक्यावर चापट्या मारल्या. "म्हातारा झाला," तो म्हणाला. दोस्ताला असे म्हणतात का?

साळूबाईची कॅसेट लावली, तर तिची हाक खरखरीत बुडून गेली.

"भाऊजी, कॅसेटच खराब झाली," बद्रीनाथ म्हणाला. "हिच्यावर गाणी भरू का?"

सूर्यभानची बायको सुगंधाबाई कळवळली. "अहो, आत्याबाईंचा आवाज हाय तो."

"आता काय उरलंय तिच्यात?" सूर्यभान थकून म्हणाला. "भर."

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथने साळूबाईची कॅसेट एका कप्प्यात आणि गाण्यांची शेजारच्या कप्प्यात घातली, लाल बटण दाबले, कॉम्प्युटर बंद केला आणि बाजारात गेला. लाल बटण दाबले की माझ्या आतले चुंबक आधीचा आवाज पुसून टाकते. मेंढ्यांची नावे एकेक करून गेली. हाक गेली. ज्याने तो आवाज माझ्या स्वाधीन केला होता, त्यानेच तो माझ्याकडून पुसून घेतला. नंतर कॉम्प्युटर चालू असताना गाणी लावली, तर तीही खरखरीत बुडाली; मग माझ्यावर फडके पडले, फडक्यावर रद्दी आली.

चौऱ्याण्णवची संक्रांत आली. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय होणार, अशी चर्चा होती. शेजारचा कडूबा कित्येक वर्षे त्या चळवळीत होता. तो संध्याकाळी धावतच आला. "भाऊ, माझा रेडिओ बंद पडलाय. तुमचा लावा, बातम्या लागतील!"

रद्दी बाजूला झाली. मी बोलू लागलो, पण बद्रीनाथचे टाइपिंग चालू होते. नुसती खरखर.

"असाच करतो तो," सूर्यभान म्हणाला.

कडूबाला एकेक शब्द हवा होता. "बद्रीभाऊ, ते मशीन घटकाभर बंद करा ना. नीट ऐकू तरी."

कॉम्प्युटर बंद झाला आणि माझा आवाज स्वच्छ, खणखणीत उमटला. नामांतर झाले होते. कडूबा रडत रडत हसला, "जय भीम!" म्हणत सगळ्यांना बिलगला आणि गल्लीत पळाला. बाहेर जल्लोष सुरू झाला.

सूर्यभान मात्र जागचा हलला नाही. "म्हंजी... ह्याच्यात खराबी नव्हतीच?"

त्याने ती कॅसेट घातली. माझ्यातून सिनेमाचे गाणे वाजू लागले. एवढे स्वच्छ मी कधीच वाजलो नव्हतो.

त्याने दुसरी बाजू लावून पाहिली. ती कोरीच होती. मग माझ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "चुकलं रं माझं."

कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत गेला. आता माझी धूळ रोज पुसली जाते. पण मित्रांनो, त्याचा हात लागला की मला अजून त्या "भर" शब्दाची आठवण होते. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू कुरकुरू लागली, तर तिला मारण्याआधी, मोडीत काढण्याआधी तिच्या शेजारी काय आहे ते एकदा पाहा. तेवढे त्याने पाहिले असते, तर साळूबाई आजही त्याला जेवायची आठवण करून देत असती.