सोजरचे एक वर्ष

चैत्रातल्या उतरत्या दुपारी पश्चिमेचा प्रकाश आमच्या मागच्या ओसरीवर तिरपा येई, आणि त्या प्रकाशाच्या पट्ट्यात बसून ती आपल्याच डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटे टेकवून निश्चल होऊन जाई. ओठ तेवढे हलत. स्वर उमटत नसे. ते दृश्य मी प्रथम पाहिले तेव्हा दाराशीच थबकलो. ही मुलगी जप करीत आहे असे वाटले, आणि जपात व्यत्यय नको म्हणून आल्या पावली परतलो. पुढे कळले की ती भिंतीवरील घड्याळाकडे पाहत नाडीचे ठोके मोजीत होती. मिनिट संपले की वहीत आकडा लिही, किंचित विसावा घेई आणि पुन्हा बोटे टेकवी. त्या वहीत तिने आपली, माझी, माझ्या पत्नीची आणि एका आजारी कोकराचीही नाडी टिपून ठेवली होती. कोकराच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह होते.

तिचे नाव सोजर. खुलताबादच्या बाजूच्या डोंगरउतारावरील धनगर वस्तीत जन्मलेली, आईवेगळी. वडील भिवा, मेंढपाळ. आमच्या शहरालगतच्या सातारा नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी जिथे आज आमची वसाहत आहे, तिथे पूर्वी मोकळा माळ होता आणि भिवाच्या आजोबांच्या मेंढ्या त्यावर चरत. शहर वाढत वाढत रेल्वेच्या रुळांपलीकडे आले. माळावर चुन्याच्या रेघा उमटल्या, कोपऱ्याकोपऱ्यांवर दगड रोवले गेले, आणि जिथे घर नव्हते तिथेही घराचा क्रमांक आला. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी डोंगराकडचे पाझरतलाव कोरडे पडले, तेव्हा भिवा आपला कळप घेऊन याच रिकाम्या भूखंडांवर उतरला. माझी पत्नी भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी त्याच्या मेंढ्यांसाठी राखून ठेवू लागली. त्या बादलीच्या मागून ही मुलगी आमच्या घरात आली: आधी दप्तर ठेवण्यापुरती, मग दहावीच्या अभ्यासापुरती, आणि कळप गोदाकाठाकडे सरकला तेव्हा मागच्या खोलीत राहायला. आम्हांला अपत्य नव्हते. ‘ठेवून घेतली’ असे शेजारी म्हणत. खरे तर तिनेच आम्हांला ठेवून घेतले असावे.

आमच्या गल्लीच्या टोकाला सलमा सिस्टर राहत. सरकारी दवाखान्यात त्यांची हयात गेलेली. सकाळी त्या शुभ्र गणवेशात रस्त्याने निघाल्या की सोजर हातातले काम तसेच ठेवून फाटकाशी उभी राही. परिचारिका होण्याचा संकल्प तिने कोणापाशी बोलून दाखवल्याचे मला स्मरत नाही. परंतु बारावीला जीवशास्त्राचा हट्ट धरला तो तिने, आणि खोलीच्या भिंतीवर एक कागद चिकटवला तोही तिनेच. त्या कागदावर सहा वर्तुळे होती व त्यांना जोडणारी एक वाकडी रेघ. बारावी, नर्सिंगचा प्रवेश, तीन वर्षे शिक्षण, नोंदणी, सरकारी भरती, आणि शेवटच्या वर्तुळात ‘सिस्टर’ एवढाच शब्द. प्रत्येक वर्तुळाखाली बारीक अक्षरांत काही लिहिलेले: शिष्यवृत्ती, वसतिगृह, सलमा सिस्टर.

“हे खाली काय लिहिलंस?” मी विचारले.

“पाणी, गुरुजी.” तिने सहज उत्तर दिले. “आमच्यात मुक्काम ठरवायच्या आधी पाणी कुठं हाय ते बघत्यात. पाणी नसलं तर त्या वाटंला मेंढरं घालायचीच नाय.”

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना संस्कृतची शब्दरूपे शिकवली. परंतु आपल्या पूर्वजांची विद्या अशी अलगद उचलून नव्या वाटेवर ठेवणारा विद्यार्थी मला विरळाच भेटला. त्या वाटेवर एक अट मात्र भिवाने घातली होती. बारावीच्या निकालानंतर तो आला, ओसरीवर घोंगडी टाकून बसला आणि म्हणाला, “यंदा नर्सिंगला लागली तर शिकंल. नाय लागली तर आत्याच्या घरी देऊन टाकतो. पोरगा चांगलाय, मेंढरं बी लई हायेत.”  सोजरने वडिलांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्यावर फुलपात्र पालथे घातले, इतक्या हळुवार की धातूचा नाद उमटला नाही.

आता मला जे लिहायचे आहे, ते लिहिण्यासाठीच हे शब्दचित्र हाती घेतले आहे.

आषाढ कोरडा चालला होता. आकाशात ढग येत, डोंगराच्या माथ्यावर क्षणभर टेकत आणि परके असल्यासारखे निघून जात. तिचे सर्व कागद तयार झाले तो दिवस दिव्यांच्या अमावास्येचा. प्रवेश-अर्ज देण्याची मुदत दुसऱ्या दिवशी सायंकाळी संपत होती. सकाळीच ती कागदांची पिशवी छातीशी धरून निघाली, आणि मी तिला थांबवले. “आज अमावास्या. उद्या श्रावणाचा आरंभ आहे, दिवस उत्तम आहे. उद्या मीच तुझ्याबरोबर येतो.” सोजरने एकदा पिशवीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. “व्हय, गुरुजी,” म्हणाली आणि चपला काढून आत आली. त्या दिवशी तिने पत्नीबरोबर घरातले सारे दिवे घासले. चिंचेने उजळलेली पितळ उन्हात झळाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी देवाला अभिषेक करून, तिच्या कपाळी अंगारा लावून आम्ही गेलो. खिडकीवरच्या बाईंनी कागद एकेक करून उलटले आणि एक बाजूला काढला. “हा शारीरिक तपासणीचा दाखला खाजगी डॉक्टरचा आहे. सरकारी दवाखान्याचा पायजे. काल यायचं ना बाई! आज तपासणी, उद्या सही. इथं तर आज पाचला सगळं बंद.” मी वयाचा, विद्येचा, मुलीच्या गुणांचा हवाला दिला. त्या बाई उद्धट नव्हत्या. त्यांनी मला बसायला खुर्चीही दिली. दार मात्र त्यांच्या हातात नव्हते. त्यानंतर रिक्षात सोजर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते, त्यांच्या गजांवरून ऊन उड्या मारीत होते, आणि कपाळीचा अंगारा घामाने तिच्या भुवईपर्यंत ओघळला होता. तो पुसावा हेही तिला सुचले नाही. मला सुचले, पण हात उचलला नाही.

घरी आल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, तुमचं पंचांग बरोबर न्यायचं होतं. त्या बाईंना दाखवलं असतंत.” विवाहाच्या पंचेचाळीस वर्षांत तिचे इतके धारदार वाक्य मी ऐकले नव्हते.

सलमा सिस्टर संध्याकाळी आल्या. “अगं, एक दिन पैले मेरे को तो बताना था,” असे तिला म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हाही सोजरने माझे नाव घेतले नाही. आणि भिवा आला, तेव्हा तर तिने माझ्यादेखत सांगितले, “माझीच चूक झाली, दादा. कागद नीट बघितलाच नाय मी.” भिवाने तिला बेपर्वा म्हटले, शहराने डोके फिरवले म्हटले, आणि वैशाखात लग्न धरण्याचे ठरवून तो उठला. मी तिथेच बसलो होतो. माझ्या हातात जपमाळ होती. एका वाक्याने ते सारे उलटवता आले असते; मण्यामागून मणी सरकत राहिला आणि ते वाक्य निघाले नाही. असत्य मी बोललो नाही. परंतु मौनाच्या आडून ते बोलू दिले. शास्त्रांत त्यालाही नाव आहे, आणि ते मला पाठ होते.

मग भाद्रपदात टँकरभोवतीच्या चिखलात पत्नीचा पाय घसरला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसे. टँकरची नळी पिंपात सोडता सोडता ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. हृदय दुबळे असल्याने शस्त्रक्रिया झेपणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. ती जी अंथरुणाला टेकली, ती पुन्हा उठली नाही. भिवा भेटायला आला; फाटकाबाहेर मेंढ्या उभ्या होत्या. तिच्या उशाशी बसून त्याने डोक्याचा फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. “काकू, तुमच्या हातचं पाणी पिलंय माझ्या मेंढरांनी. तुमी बऱ्या होईस्तोवर पोरगी इथंच राहू द्या. लग्नाचं मागं सारतो.”

अशा रीतीने माझ्या चुकीने जे वर्ष मोडले, ते माझ्याच घरी येऊन पडले.

त्या वर्षातील सोजर मला प्रकाशासारखी आठवते, म्हणजे स्वतः न दिसता इतर सारे दिसू देणारी. दर दोन तासांनी पत्नीला कुशीवर वळवणे, पाठीची त्वचा निरखणे, टाचांखाली मऊ चुंबळ देणे, घोट घोट पेज भरवणे, हे सलमा सिस्टरांनी तिला शिकवले. “उचलायचं नै बेटा, वळवायचं. हात तेरा, वजन उनका,” असे त्या सांगत, आणि सोजरचे बारीक हात ते वजन असे फिरवीत की पत्नीच्या तोंडून कण्हणेही निघत नसे. स्नानाला अर्धी बादली पाणी मिळे. त्यात ती आधी डोळे पुशी, मग मुख, मग हात, मग पाठ; प्रत्येक अंगाला स्वच्छ फडका, आणि पाण्याचा एक थेंब भूमीवर नाही. देवपूजेत आवाहनापासून विसर्जनापर्यंतचे सोळा उपचार मी हयातभर केले. परंतु उपचार हा शब्द उच्चारताना माझ्या डोळ्यांपुढे आता ती अर्धी बादली येते. सोवळ्यात असताना मी पत्नीच्या खाटेपासून दूर राही. एका सकाळी सोजर म्हणाली, “गुरुजी, जरा हिकडून धरा, मला एकटीला व्हईना.” मी सोवळ्यातच गेलो आणि धरले. पत्नी हसली. तिचे खांदे पाखराएवढे हलके झाले होते.

नऊ महिन्यांत तिच्या पाठीवर एक व्रण उठला नाही. हे मी अभिमानाने सांगतो आणि सांगताना शरमतो. कारण तो अभिमान ज्या हातांचा, ते हात त्या वेळी अन्यत्र असायला हवे होते, आणि ते तिथे नव्हते म्हणूनच माझी सहधर्मचारिणी सुखाने गेली. ज्येष्ठातल्या एका सकाळी, तुळशीला ऊन आले असताना, सोजरच्या बोटांखाली तिची नाडी थांबली. सोजरने बोटे लगेच उचलली नाहीत. मग हलकेच हात खाली ठेवला, घड्याळाकडे पाहिले आणि मला वेळ सांगितली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भिवा आला. त्याने सोजरला सामान बांधायला सांगितले. आता इथले काम सरले होते. ती भिंतीवरचा कागद काढू लागली. चिकटवलेले कोपरे सुटत नव्हते, आणि फाटू नये म्हणून ती नखाने एकेक कोपरा सोडवीत होती. तो नखाचा आवाज ओसरीपर्यंत येत होता.

“भिवा,” मी म्हणालो, “गेल्या वर्षी अर्ज तिने चुकवला नाही. ती आदल्या दिवशीच निघाली होती. अमावास्या म्हणून मी तिला थांबवलं. तू बोलत होतास तेव्हा मी इथंच होतो आणि गप्प राहिलो. ती माझ्यासाठी खोटं बोलली.”

भिवा काठीच्या टोकाने फरशीवर रेघ ओढीत राहिला. आतला नखाचा आवाज थांबला होता.

“गुरुजी,” तो म्हणाला, “आमुशाला मेंढी व्यायची थांबती का वो?” त्याच्या आवाजात राग नव्हता, मला तो हवा होता. मग आत पाहून त्याने हाक दिली, “सोजर, राहू दे तो कागद. कंचा दाखला पायजे तो समदा काढ. ह्या टायमाला मी येतो संगं.” आणि माझ्याकडे न पाहता, “आत्याला मी सांगतो काय ते.”

प्रवेश-अर्जांची खिडकी उघडली त्याच दिवशी बापलेक अर्ज देऊन आले. ती तिथी कोणती होती, हे मी पाहिले नाही. सोजरला प्रवेश मिळाला. वसतिगृहात जाताना ती मला नमस्कार करायला वाकली, आणि आशीर्वादाचे इतके श्लोक येणाऱ्या मला एकही आठवला नाही. “जेवत जा वेळेवर,” ती म्हणाली, तेही मी म्हणायचे होते.

आता घरात तिचा वावर नाही आणि पत्नीचाही नाही. नळाला पाणी आले की दोघींपैकी कोणाला हाक मारावी हे क्षणभर उमगत नाही. पत्नीचे श्राद्ध मी तिथीला करतो, पिंड ठेवतो, आणि मनाला काही विसावा मिळतो. परंतु सोजरच्या आयुष्यातून जे एक वर्ष माझ्या शब्दाने गेले, ते कोणत्या तिथीला स्मरावे? मृतांना काळाने निदान एक दिवस नेमून दिलेला असतो. दुसऱ्याच्या हरवलेल्या वर्षाला तेवढेही स्थान पंचांगात नाही, म्हणून त्याचे स्मरण रोजच करावे लागते.