खाटेच्या उंचीची खिडकी

सटवानं कुणाला चांगलं म्हटल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यामुळं लिंबागणेशच्या अलीकडं माळावर नवा दवाखाना बांधायला घेतला, तेव्हा मेंढरं वळता वळता त्यानं आर्किटेक्ट योगिताताईंचीही टर उडवलीच. ही बाई मोकळ्या माळावर बाज टाकून दिवसदिवस उताणी पडायची. "ऊन बाधलंय तिला," असं सटवा दिसेल त्याला सांगायचा. आजारी माणसाला पडल्यापडल्या काय दिसतं ते ती बघत होती, हे त्याला कुठून कळणार? पुढं खिडक्या आल्या त्या थेट खाटेच्या उंचीला, आणि जुना लिंब वाचवायला भिंत चक्क वाकडी घेतली. "सरळ भित घालता येईना, अन् म्हणं शिकल्याली," सटवा म्हणाला.

मग वर्षभरातच त्याच्यावर त्याच दवाखान्याची पायरी चढायची वेळ आली. बायकोच्या, मनकर्णाच्या, पायात बाभळीचा काटा मोडला. अंगात साखर, त्यात जखम चिघळली. शहरातल्या दवाखान्यातनं ती तिसऱ्याच दिवशी पळून आली. समोर भिंत, वर ट्यूबलाइट, जीव गुदमरला म्हणाली. इथल्या डॉक्टरांनी मात्र आडपडदा ठेवला नाही. पंधरा दिवस पाय जमिनीला लागता कामा नये, नाहीतर कापावा लागेल. पायावर पोट असलेल्या बाईला हे सांगितल्यावर सटवाच्या तोंडचं पाणीच पळालं.

तीन दिवस ती राहिली. पडल्यापडल्या लिंब दिसायचा, माळ दिसायचा, वारं अंगावरून जायचं. चौथ्या दिवशी सटवा भेटायला आला, तो तोंड पाडूनच.

"काय झालं वो?" मनकर्णानं विचारलं.

सटवाला काही लपवता येत नसे. दिवसभर वेगळी ठेवलेली कोकरं सांजेला आपापल्या आईला लावायची, हे काम कायम मनकर्णाचं. शंभर मेंढ्यांत कुणाचं कोकरू कुठलं, ते तिला तोंडावरून कळे. सटवाला सगळी सारखीच दिसत. "दोन पहिलटकरणी मेंढ्या कोकरं घेईनात. मी भलतीच लावली वाटतं. लाथा मारत्यात. परवापास्नं उपाशी हायती," तो म्हणाला.

मनकर्णानं चादर बाजूला सारली. नर्स धावली, सटवानं हात धरला, पण बाई ऐकेना. "माजा पाय जाऊ द्या. लेकरं मरत्यात तिकडं."

पन्हाळीचं काम बघायला आलेल्या योगिताताई दारात उभ्या होत्या. त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "मामा, मेंढरं कुठंयत?"

"हितंच, कोसावर."

"मग सांजेला या खिडकीशी आणा."

सटवाला वाटलं, बाई थट्टा करते. पण सांजेला त्यांनी खिडकीखाली आपणच लावलेल्या बागेचं कुंपण स्वतःच्या हातानं उघडलं. वर्षभर जपलेली तुळस, गवती चहा, मोगरा, सगळं मेंढरांनी बघता बघता फस्त केलं. सटवा ओशाळून काठी आपटत राहिला. "राहू द्या मामा, ते पुन्हा उगवंल," ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी खिडकीला जाळी लावून घेतली होती, बाहेरची धूळ-माशी बाहेरच.

मनकर्णा कुशीवर वळली. खिडकी तिच्या डोळ्यांसमोरच होती, मान उचलायचीही गरज पडली नाही. "त्यो पांढऱ्या कपाळाचा त्या काळतोंडीला लावा. आवं ती न्हाई, तिच्यामागली. अन् ही बारकी त्या कानतुटीची." सटवा मुकाट्यानं लावत गेला. दोन्ही कोकरं आचळाला लागली, शेपट्या हलू लागल्या. वॉर्डातली सगळी माणसं आपापलं दुखणं विसरून बघत होती.

त्यानंतर रोज सांजेला हाच कार्यक्रम. सटवा आता वाकड्या भिंतीला टेकून बसायचा. माणसानं एवढा विचार करून घर तरी बांधलंय का कधी, असं त्याच्या मनात यायचं आणि आपल्या जिभेची त्याला लाज वाटायची.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम भरून आली होती, खाली गुलाबी कातडी धरली होती. "उतरा आता," ते म्हणाले.

मनकर्णानं दोन्ही पाय फरशीवर टेकवले. सटवा खाली बसला आणि त्यानं तो पाय दोन्ही हातांत धरला, ताईंसमोर, डॉक्टरांसमोर, भरल्या वॉर्डात. त्याच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"आवं, पाय कावून धरता? लोकं बघत्यात," मनकर्णा लाजून पाय ओढू लागली.

"बघू दे," सटवा म्हणाला. त्यानं पाय सोडला नाही.